जुन्या गाडीचा पेट्रोल पंप मधूनच बंद पडतो? तो पुन्हा कशानं चालू झाला, ते आधी आठवा

तक्रार बहुतेक वेळा अशी असते. सकाळी गाडी पहिल्या चावीला सुरू होते. गावात, म्हणजे बडोद्यात, फिरवली, रावपुरा, न्याय मंदिर, कमाटी बाग, काही त्रास नाही. हायवेला लागून वीस-पंचवीस किलोमीटर झाले की चढावर किंवा ट्रकला ओव्हरटेक करताना इंजिन दम टाकतं, दोन-चार झटके देतं आणि बंद. मग बॉनेट उघडायचं, पान्याच्या दांड्यानं पंपाला दोन ठोके द्यायचे, टिकटिक सुरू झाली की पुढे निघायचं. कधी ठोक्यानं चालतो. कधी नाही चालत, पण चहा पिऊन आलं की आपोआप चालतो. गॅरेजात नेली की पंप अगदी शहाण्यासारखा वागतो. मिस्त्री प्लॅटिनम (म्हणजे पंपातले करंट जोडणारे-तोडणारे पॉइंट) घासून देतात, महिना-दोन महिने बरे जातात आणि पुन्हा तेच सुरू.

इथे जी गाडी डोळ्यांसमोर आहे ती दांडिया बाजारातल्या एका काकांची मॉरिस मायनर, सिरीज टू, ८०३ सीसी. पंप एसयू कंपनीचा, एल प्रकारचा, विजेवर चालणारा, बॉनेटखाली मागच्या पत्र्याला बसवलेला. टाकी मागे, डिकीच्या खाली. म्हणजे पंपाला पेट्रोल गाडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ओढून आणावं लागतं. ज्यांच्या गाडीत पंप मागे टाकीजवळ आहे (एमजीबीसारख्या गाड्यांत असतो) त्यांनाही खालचं बरंचसं लागू पडेल, फक्त उष्णतेचा भाग थोडा वेगळा.

जुन्या गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम मी करतो. पंपाची तक्रार घेऊन येणारा प्रत्येकजण गाडी कुठे बंद पडली, किती वाजता, कोणत्या गिअरमध्ये, हे सगळं तपशीलवार सांगतो. पुन्हा चालू कशी झाली हे मात्र कुणी नीट सांगत नाही. आणि निदान तर तिथेच दडलेलं असतं. बंद पडताना सगळ्या बिघाडांचं लक्षण एकच, पेट्रोल येत नाही. चालू होताना मात्र प्रत्येक बिघाड आपली वेगळी खूण सोडून जातो. ठोक्यानं चालू झाला तर संशय पॉइंटवर. टाकीचं झाकण उघडल्यावर चालू झाला तर टाकीला हवा मिळत नव्हती. ओल्या फडक्यानं चालू झाला तर पेट्रोलची वाफ. वायर हलवल्यावर चालू झाला तर जोड सैल. काहीही न करता, नुसतं थांबल्यावर चालू झाला तर टाकीतला गाळ, आतून मिटणारी रबरी नळी, वाफ किंवा हवा आत न सोडणारं झाकण, यांपैकी काहीही. म्हणून "थांबलो आणि झाली" या उत्तरावर मी कधीच समाधान मानत नाही.

काकांशी झालेलं बोलणं असं:

"काका, मागच्या वेळी गाडी पुन्हा कशी चालू झाली?"

"ठोकलं, झाली."

"बंद पडल्या पडल्या ठोकलंत?"

"नाही रे. आधी पेट्रोल आहे का ते बघितलं, मग ठोकलं."

"पेट्रोल बघायला झाकण उघडलं होतं?"

"मग? त्या काट्यावर कोण विश्वास ठेवतो! मी पट्टी घालूनच बघतो."

याआधी जेव्हा जेव्हा ठोकून गाडी चालू झाली होती, तेव्हाही काकांनी आधी झाकण उघडून पट्टी घातलेलीच होती. श्रेय मिळत गेलं पान्याला.

पंप आत काय करतो

हे दोन मिनिटं समजून घ्या, पुढचं सगळं सोपं होईल. चावी फिरवली की पॉइंटमधून कॉइलला करंट मिळतो. कॉइल लोखंडी चकती ओढतं, चकतीला जोडलेला पडदा मागे येतो आणि टाकीकडून पेट्रोल आत ओढलं जातं. पडदा पूर्ण मागे आला की रॉकर (पॉइंटची उघडझाप करणारी पट्टी) झटकन पालटतो, पॉइंट उघडतात, करंट तुटतो. मग स्प्रिंग पडद्याला पुढे ढकलते आणि पेट्रोल कार्ब्युरेटरकडे, म्हणजे इंजिनसाठी पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या भागाकडे, जातं. पडदा पुढे पोचला की रॉकर उलटा पालटतो, पॉइंट मिटतात, पुन्हा पहिल्यापासून. प्रत्येक फेरीला एक टिक.

यातून दोन गोष्टी निघतात. ओढायचं काम विजेचं आहे, ढकलायचं काम स्प्रिंगचं. कार्ब्युरेटरची वाटी भरली आणि पेट्रोल अडवणारी सुई बसली की पडदा पुढे जाऊ शकत नाही. तो स्प्रिंगच्या दाबाखाली मध्येच थांबतो, त्या वेळी पॉइंट उघडे असतात आणि करंट शून्य. ही निरोगी विश्रांती. पण अडथळा टाकीच्या बाजूला असेल तर पडदा पूर्ण मागे येऊच शकत नाही, रॉकर पालटत नाही आणि पॉइंट मिटलेलेच राहतात. कॉइलमधून करंट अखंड वाहत राहतो. पंप गप्प, पण आतून तापतोय.

पॉइंट पुन्हा पुन्हा का जळतात याचं उत्तर इथेच आहे. कॉइलच्या आत ठिणगी दाबणारी एक रेझिस्टन्स वायर असते. असा अडकून बसलेला पंप चावी चालू ठेवून तसाच राहिला की ती तापून निकामी होते, आणि त्यानंतर प्रत्येक टिकला पॉइंटवर मोठी ठिणगी पडायला लागते. नवीन पॉइंट घातले तरी थोड्याच दिवसांत त्यांना खड्डे पडतात. मिस्त्री पॉइंट घासतात आणि गाडी चालते, म्हणून दोष पॉइंटचाच असं सगळे धरून चालतात. जळलेले पॉइंट हा परिणाम असू शकतो. कारण मागे, डिकीकडे, तसंच राहतं.

रस्त्यात बंद पडल्यावर, ठोकण्याआधी

पान्याला हात लावू नका. एक ठोका बसला की पुरावा गेला. चावी चालूच ठेवा, पण तपासणी दोन-तीन मिनिटांत उरका. इंजिन बंद असताना चावी चालू ठेवली की इग्निशन कॉइल तापत राहतं. आणि बिडी-सिगारेट पेटवलेला कुणी जवळ उभा असेल तर त्याला आधी लांब पाठवा. पेट्रोलचा पाइप उघडायचाय. आग विझवायचा सिलिंडर डिकीत नको, हाताशी ठेवा.

आधी ऐका. टिकटिक आहे की नाही? भराभर टिकटिक चाललीय आणि पेट्रोल मात्र येत नाही, तर पंप हवा ओढतोय. टाकी रिकामी आहे, ओढणाऱ्या बाजूचा एखादा जोड सैल आहे, नळीला चीर आहे, नाहीतर पंपाच्या झडपा बसत नाहीत. यात करंटचा काही दोष नाही, वायरी उचकटू नका. टाकीच्या बाजूची गळती फसवी असते, कारण तिथून पेट्रोल बाहेर ठिबकत नाही, हवा आत जाते. जमीन कोरडी म्हणून जोड चांगले, असं होत नाही.

टिकटिक बिलकुल नाही, तर पंपाच्या काळ्या डब्याला, म्हणजे कॉइलच्या भागाला, हात लावा आणि लगेच खालच्या ॲल्युमिनियमच्या भागालाही. इंजिनच्या उष्णतेनं दोन्ही कोमट असणारच. पण डबा खालच्या भागापेक्षा स्पष्ट गरम लागला तर करंट अखंड वाहतोय, पंप ओढताना अडकलाय. वीजवाल्याला नाही, टाकीकडच्या रस्त्याला पकडायचं. डबा तेवढाच कोमट किंवा थंड असेल तर करंट पोचत नाही, पॉइंट धरत नाहीत, किंवा पुढची सुई अडकून बसलीय.

आता बारा व्होल्टचा एक साधा बल्ब, दोन वायरी लावलेला. एक टोक पंपाच्या टर्मिनलला, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूला. बल्ब पेटला नाही तर दोष पंपाच्या मागे, वायरीत. मंद पेटला तरी मागे. लख्ख पेटला तर तेच दुसरं टोक इंजिनवरून काढून पंपाच्याच अंगाला लावा. आता तो विझला किंवा मंद झाला तर पंपाचं अर्थिंग गेलंय. ही तुलना मला मीटरपेक्षा जास्त आवडते, कारण बल्ब थोडा तरी करंट खेचतो. मीटर गंजलेल्या जोडातूनही बारा व्होल्ट दाखवतो.

करंट नीट आहे आणि तरी टिक नाही, तर कार्ब्युरेटरकडे जाणारा पाइप ढिला करून टोक काचेच्या किंवा पत्र्याच्या बरणीत धरा. प्लॅस्टिकची पाण्याची बाटली वापरू नका. पाइप सुटताच पंप टिकटिकायला लागला तर पंप निर्दोष आहे, कार्ब्युरेटरची सुई चिकटली होती. चांगला एल पंप मिनिटाला अर्ध्या लिटरहून थोडं जास्त पेट्रोल देतो. धार तुटक असेल, बुडबुडे येत असतील, तर पुन्हा हवेचा संशय.

पाइप सोडूनही हालचाल नाही, मग मागे जा आणि टाकीचं झाकण हळूच फिरवा. कान जवळ ठेवा. आत हवा शिरल्याचा सूं आवाज आला आणि त्याच क्षणी पुढे टिकटिक सुरू झाली, तर शोध संपला. यासाठी दोन माणसं हवीत, एक पंपापाशी आणि एक झाकणापाशी. एकट्यानं केलं तर पुढे चालत येईपर्यंत काय कशानं झालं ते कळत नाही.

झाकणानं फरक पडला नाही, तर पंपाला येणारा टाकीकडचा पाइप ढिला करा. (सपाटीवर टाकी खाली असते त्यामुळे पेट्रोल वाहत नाही, पण गाडीचं तोंड उताराकडे असेल तर वाहू शकतं. बरणी तयार ठेवा.) ढिला करताच टिक आली तर टाकी ते पंप या रस्त्यात अडथळा. तरीही गप्प, तर आता खुशाल ठोका. ठोक्यानं चालला तर पॉइंट किंवा रॉकर, यात शंका नाही.

काकांच्या गाडीत काय निघालं

पावागडला जायच्या रस्त्यावर गाडी बंद पडायची, आणि तीही बहुतेक वेळा हालोलच्या पुढे, माचीच्या चढाला लागल्यावर. चढाचं कारण समजण्यासारखं आहे. गाडीचं नाक वर गेलं की टाकी पंपाच्या आणखी खाली जाते. दहाला एक असा चढ असेल तर पंप ते टाकी या अंतरात जवळपास एक वीत जास्त उंची ओढावी लागते, आणि इंजिन तर त्याच वेळी जास्त पेट्रोल मागतं. ज्या पंपाचं सपाटीवर कसंबसं भागत असतं त्याची परीक्षा चढावर होते.

या गाडीला टाकीत हवा यायची वाट झाकणातूनच होती. मूळ झाकणाला त्यासाठी बारीक भोक असतं. मध्ये कधीतरी पेट्रोल चोरीला गेलं म्हणून काकांनी किल्लीचं झाकण बसवून घेतलं होतं. दिसायला चांगलं, रबर जाडजूड, किल्ली झोकात फिरणारी. पण हवेला वाट कुठेच नाही. पेट्रोल कमी होत जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते, आणि पंपाची ओढ त्या पोकळीशी झगडण्यात जाते. गावात पाच-सात किलोमीटरला हे जाणवत नाही. त्यात रोज कुठे ना कुठे झाकण उघडलं जातं. टाकी पूर्ण भरलेली असेल तर उलट लवकर त्रास होतो, कारण आत हवा थोडी असते आणि थोडं पेट्रोल गेलं तरी पोकळी चटकन वाढते. काका लांब निघताना टाकी हमखास फुल्ल करायचे.

चहा पिऊन आलं की गाडी आपोआप का चालायची? कारण रबराच्या कडेनं, पेट्रोलच्या काट्याच्या (गेजच्या) वॉशरमधून, हवा हळूहळू झिरपत होती. अर्ध्या तासात पोकळी भरून निघायची.

झाकणाला दीड मिलिमीटरचं भोक पाडलं, आतल्या बाजूनं धूळ अडवायला पितळी जाळीचा तुकडा ठेवला. मूळ प्रकारचं भोकाचं झाकण मिळालं तर तेच घ्या, मी ते शोधायला सांगितलंच आहे. झाकणातून हवा जाते की नाही हे बघायला भोकावर ओठ लावून ओढून बघायची गरज नाही, पेट्रोल पोटात जाईल. झाकणाच्या आतल्या बाजूला साबणाच्या पाण्याचा फेस लावा आणि बाहेरून सायकलच्या पंपानं हलकी हवा मारा. बुडबुडे आले की वाट मोकळी.

पण तेवढ्यानं काम संपलं नव्हतं. इतके महिने पंप अडकून तापत राहिला होता. वरची काळी टोपी काढली तेव्हा पॉइंटची अवस्था बघण्यासारखी होती. एका टोकाला खड्डा, समोरच्याला त्याच मापाचा उंचवटा, भोवती निळसर काळी राख. खालच्या वेटोळ्या वायरीचं कापड करपून तांबूस झालेलं. टर्मिनलच्या स्क्रूखालचं शिशाचं वॉशर पांढऱ्या भुकटीसारखं फुललेलं, नखानं खरवडलं की निघत होतं. बाहेरच्या नटवर वायर कितीही घट्ट आवळली तरी आत, त्या वॉशरपाशी, करंट अडायचा. हा जोड टोपी काढल्याशिवाय दिसत नाही, म्हणून तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो.

वायरी

गाडी नव्यानं रंगवून आली आणि पंपाचा त्रास सुरू झाला, ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की मी पहिला प्रश्न रंगाचाच विचारतो. पंपाला अर्थ मिळतो तो पत्र्यातून. पत्र्यावर प्रायमर, रंग, लॅकर असे थर चढले की ब्रॅकेटचा धातू पत्र्याला टेकतच नाही, टेकतो फक्त स्क्रूचा आटा. थंडीत चालतं, उन्हात पत्रा पसरला की सुटतं. पंपाच्या अर्थ स्क्रूपासून थेट इंजिनच्या बोल्टपर्यंत एक स्वतंत्र जाड वायर ओढा. वीस-तीस रुपयांची वायर. पंप टिकटिकत असताना बॅटरीचं अर्थकडचं टोक आणि पंपाचं अंग यांच्यामध्ये मीटर लावून बघा. अर्धा व्होल्ट दिसला तरी तो जोड खराब समजा, चांगल्या जोडावर ०.२ व्होल्टच्याही खाली असतो.

लक्षात ठेवा, या गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ असतो, म्हणजे बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या अंगाला जोडलेलं. साध्या पॉइंटच्या पंपाला उलट-सुलट काही फरक पडत नाही. पण कुणी ठिणगी दाबायला आत डायोड बसवला असेल आणि तो निगेटिव्ह अर्थच्या हिशेबानं असेल, तर चावी फिरवताच शॉर्ट होईल. हा करंट मायनरमध्ये फ्यूजमधून येत नाही. पांढरी वायर, इग्निशनवरची, बिनफ्यूजची. म्हणजे फ्यूज उडणार नाही, वायर जळेल. दुसऱ्याकडून आलेला पंप बसवण्याआधी टोपी उघडून आत काय आहे ते बघाच. आणि या वायरीत एक लाइन फ्यूज घालून घ्या, मूळपणाचा कितीही आग्रह असला तरी.

पांढऱ्या वायरीवरचे ते गोळीसारखे जोड, रबरी नळकांड्यात खुपसलेले, हेही हिरवे पडतात. ओढून काढा, पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा घाला. नळकांडं सैल असेल तर बदला. चिमट्यानं दाबून तात्पुरतं घट्ट होतं, पण पावसाळ्यानंतर पुन्हा सुटतं. पुरवठ्याचा संशय फिटत नसेल तर बॅटरीवरून पंपाला एक फ्यूज घातलेली सरळ वायर टाका आणि त्याच रस्त्यावर गाडी चालवून बघा. त्रास गेला, तर इग्निशन स्विच ते पंप यामध्ये कुठेतरी दोष आहे. ही वायर फक्त तपासणीपुरती. तशीच ठेवली तर चावी बंद केली तरी पंप चालूच राहील आणि कुठे पाइप निखळला तर पेट्रोल ओतत राहील.

पेट्रोल बदललंय, नळ्या जुन्याच आहेत

आता देशभर पेट्रोल पंपांवर मिळणाऱ्या साध्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. या गाड्या बनल्या तेव्हा कुणी त्याचा विचार केला नव्हता. इथेनॉल जुनं रबर फुगवतं, टाकीच्या भिंतींवर वर्षानुवर्षं बसलेलं चिकट कीट सोडवतं आणि पाणी शोषतं. यातला पहिला परिणाम सगळ्यात फसवा. नळी बाहेरून धडधाकट दिसते, आतला थर सुटून पिशवीसारखा लोंबतो. पंप ओढायला लागला की तो थर मिटतो, ओढ थांबली की उघडतो. ढकलणाऱ्या बाजूला असा थर फारसा त्रास देत नाही, कारण दाबानं तो भिंतीला चिकटतो. ओढणाऱ्या बाजूला मात्र झडपच तयार होते, आणि तीही उलट्या कामाची. नळी उभी चिरून बघितल्याशिवाय हे कळत नाही. म्हणून ओढणाऱ्या बाजूची रबरी नळी मी तपासत बसत नाही, सरळ बदलतो. आर-नाईन दर्जाची, इथेनॉल सोसणारी नळी घ्या. नळीवर छापलेलं असतं. दुकानदार "चालेल हो, पेट्रोलचीच आहे" म्हणाला तरी छापील अक्षरं बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

सुटलेलं कीट टाकीच्या तळाशी गाळ होऊन बसतं. इंजिन चालू असताना ते ओढीनं पाइपच्या तोंडाशी जमतं, बंद केल्यावर खाली पडतं. थांबल्यावर आपोआप चालू होण्याचं हे आणखी एक कारण. पंपाला जोडलेला पाइप सोडून, झाकण उघडं ठेवून, टाकीकडे हलकी हवा मारा आणि टाकीत बुडबुड ऐका. हवा मारण्यापूर्वी पंप वेगळा केलाय ना, हे दोनदा बघा, नाहीतर झडपांचं वाटोळं होईल. हवा मारून एक-दोन दिवस गाडी चांगली चालली आणि पुन्हा बंद पडली, तर टाकी उतरवून धुण्याला पर्याय नाही. पंपाच्या आधी कागदी फिल्टर घालायचा मोह टाळा, विशेषतः एल पंपाला. भरत आलेला फिल्टर हाच पुढचा अडथळा होतो. पंपाची स्वतःची जाळी आहे, ती काढून धुवा. कागदी फिल्टर हवाच असेल तर पंपाच्या पुढे, कार्ब्युरेटरच्या बाजूला.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं तेव्हा ज्यांच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यांनी टाकीतलं पाणी वेगळं धरावं. पाणी पेट्रोलहून जड, तळाशी बसतं, आणि ब्रेक मारला किंवा चढ आला की पाइपच्या तोंडाशी येतं. तळातलं थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढून रात्रभर ठेवा. सकाळी खाली वेगळा थर दिसला की पंप उघडण्याच्या भानगडीत न पडता टाकी रिकामी करा.

ऊन

मे महिन्यात इथे पारा बेचाळीसच्या वर जातो. पेट्रोलचे हलके घटक तेवढ्याच तापमानाला उकळायला लागतात, आणि ओढणाऱ्या बाजूला दाब कमी असल्यामुळे त्याही आधी. मायनरमध्ये पंप आणि त्याला येणारा पाइप दोन्ही बॉनेटखाली, त्यामुळे सिग्नलला पाच मिनिटं उभं राहिलं की पुरतं. वाफ धरली की पंप भराभर टिकटिकतो आणि हाती काही येत नाही. पंपावर आणि पाइपवर ओलं फडकं टाकून दोन-तीन मिनिटांत टिकटिक मंदावली, जड झाली, तर वाफच. गरम काचेच्या वाटीवर पाणी टाकू नका, जुन्या फिल्टरची काच तडकते. पाइप एक्झॉस्टपासून बोटभर तरी लांब न्या, त्यावर उष्णता अडवणारी नळी चढवा. झाकण, नळी आणि जोड नीट केले की वाफेचा त्रासही बराच कमी होतो, कारण पंपाला जोर लावून ओढावं लागत नाही. म्हणून उन्हाळ्यात सगळा दोष उन्हावर ढकलू नका.

पॉइंट आणि पडदा

खड्डा पडलेले पॉइंट घासून तात्पुरतं भागतं. कायमसाठी जोडी बदला, एकच पात बदलून उपयोग नाही. जुन्या पंपाच्या पडद्याखाली पितळेची अकरा बारीक चाकं असतात, चकतीला मध्यावर धरणारी. पंप उघडताना त्याचं पडद्याकडचं तोंड वर करून, परातीवर उघडा, म्हणजे ती घरंगळून टेबलाखाली जाणार नाहीत. परत बसवताना अकराच्या अकरा मोजून घ्या.

पडद्याची जुळवणी हाच खरा हातखंडा. पडदा आत फिरवत न्या, इतका की चकती दाबली तरी रॉकर पालटत नाही. मग थोडा थोडा उलटा फिरवत या. ज्या क्षणी दाबल्यावर रॉकर जेमतेम पालटतो तिथे थांबा, पडद्याची भोकं जवळच्या भोकांशी जुळवा आणि तिथून आणखी चार भोकं उलट फिरवा. सहा भोकांपैकी चार, म्हणजे दोन तृतीयांश फेरा. दाबताना अंगठ्यानं सावकाश आणि सारख्या जोरानं दाबा, झटका देऊन नाही. झटक्यानं रॉकर आधीच पालटतो आणि माप चुकतं. हे मापाबाहेर असेल तर पंप टेबलावर छान चालतो आणि गाडीत, व्होल्टेज थोडं कमी झालं की, रॉकर पालटण्याच्या आधीच अडकतो.

रेझिस्टन्स जळाली असेल तर नुसते पॉइंट बदलून पैसे वाया घालवू नका. कॉइलचा डबा बदला, किंवा अर्थची बाजू लक्षात घेऊन ठिणगी दाबणारा भाग नव्यानं बसवून घ्या. जुन्या ॲम्बॅसडरवर हात बसलेले जे मिस्त्री अजून काम करतात त्यांना हा पंप परका नाही. त्यांच्यासमोर बसून काम करून घ्या आणि शिकून घ्या. बिनपॉइंटचा इलेक्ट्रॉनिक पंप बसवायलाही माझी हरकत नाही, लांबच्या प्रवासाला तो चांगलाच. पण झाकण बंद असेल तर तोही पेट्रोल देणार नाही. आणि कुठल्याही जातीचा, चार-पाच पौंड दाबाचा बाजारी पंप या कार्ब्युरेटरला लावू नका. एल पंपाचा दाब दीड पौंडाच्या आसपास असतो. त्याच्या दुप्पट-तिप्पट दाबापुढे सुई टिकत नाही आणि गरम एक्झॉस्टवर पेट्रोल ओसंडतं.

काकांच्या गाडीला झाकण, पुढची-मागची नळी, अर्थची वायर, नवीन कॉइल आणि पॉइंट असं सगळं झालं. त्यानंतर काका माचीला सहकुटुंब जाऊन आले, भर दुपारी, टाकी फुल्ल करून, आणि एकदाही बॉनेट उघडावं लागलं नाही. डिकीत मात्र मी त्यांना काही वस्तू कायमच्या ठेवायला लावल्यात: बल्ब आणि वायर, पॉलिश पेपर, पॉइंटची जोडी, आर-नाईन नळीचा हातभर तुकडा, दोन क्लिपा, रुंद तोंडाची काचेची बरणी. जास्तीचा पंप जवळ असेल तर तो वर्षानुवर्षं तसाच पडू देऊ नका. पडदा वाळतो, पॉइंटवर थर चढतो. दर दोन-तीन महिन्यांनी तो गाडीवर चढवून आठवडाभर चालवा आणि काढून ठेवताना दोन्ही तोंडांना बुचं लावा.